जिल्हा किनारा समितीवर कोण बसणार? कोकणातल्या एका जिल्ह्याचं प्रकरण

हे प्रकरण दक्षिण कोकणातल्या एका किनारी जिल्ह्यातलं आहे. जिल्हा, गावं आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळलेत, काही बदललेत. कायद्यातल्या तरतुदी मात्र आहेत तशा दिल्यात. या सगळ्यात मी ठराव, अर्ज आणि पत्रं लिहून देणाऱ्या गटात होते. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

किनाऱ्यावर कुठे काय बांधता येईल हे ठरवणारा सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नियम 1991 पासून आहे. त्याची दुसरी अधिसूचना 2011 ची, तिसरी 2019 ची. या शेवटच्या दोन्ही अधिसूचनांत एक छोटीशी तरतूद आहे. राज्य सरकारने किनारी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी आणि तिच्यावर किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी घ्यावेत. राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला मदत करणं हे या समितीचं काम.

समिती परवानगी देत नाही आणि नाकारतही नाही, म्हणून पुष्कळांना ती शोभेची वाटते. मला तसं वाटत नाही. भराव टाकल्याची तक्रार आली तर जागेवर जायचं की नाही, गेल्यावर कोणाला विचारायचं, अहवालात काय लिहायचं, या गोष्टी तिथे ठरतात. नकाशाचंही तसंच. मच्छीमारांच्या सामायिक जागा, म्हणजे जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासे सुकवायच्या जागा, किनारा आराखड्यात दाखवाव्यात असं 2011 च्या अधिसूचनेत आहे. जेट्टी उपग्रहाच्या चित्रात दिसते. मासे सुकवायची जागा दिसत नाही. पावसाळ्यात ती नुसती पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची मोकळी वाळू असते आणि दिवाळीनंतर तिच्यावर सुकट, पेडवे, खारे बांगडे पसरलेले असतात. ती जागा आहे, आणि ती कोणाची तरी आहे, हे कोणीतरी तोंडाने सांगावं लागतं.

आमच्याकडे मासेमारी हा एक धंदा नाही. बंदरात ट्रॉलर आणि पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटी आहेत. पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढली जाते. खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणारे वेगळे. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, खुबे, कालवं अशी शिंपली काढणाऱ्या बहुतेक बायकाच. लिलावातून मासा घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका आणखी वेगळ्या, आणि उरलेला मासा सुकवून पावसाळ्यासाठी ठेवणाऱ्या बहुधा त्याच. समाज म्हणाल तर गाबीत, खारवी, भोई, दालदी, काही भंडारी आणि ख्रिस्ती घरं. एकाच समाजात बोटमालक असतो आणि त्याच्याच बोटीवर हिश्शाने जाणारा त्याचा चुलतभाऊही असतो.

आधीच्या समितीवर समाजाचे तीन प्रतिनिधी होते: यांत्रिक बोटींच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, त्याच तालुक्यातले सोसायटीचे एक माजी पदाधिकारी आणि एक निवृत्त शिक्षक, ज्यांचं समाजात वजन होतं. तिघेही पुरुष, तिघेही एकाच तालुक्यातले, दोघे एकाच समाजाचे. नियमात हे पूर्ण बसत होतं.

अडचण

समितीची मुदत संपली आणि त्याच सुमारास एका गावात किनारा सुशोभीकरणाचं काम मंजूर झालं. पेव्हर ब्लॉक, बाकडी, दिवे आणि पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ. वाहनतळासाठी दाखवलेली मोकळी जागा म्हणजे गावातल्या बायकांची मासे सुकवायची जागा. गावाला हे कळलं ते जेसीबी आल्यावर.

बायका तलाठ्याकडे गेल्या, तिथून तहसीलला, तिथून जिल्ह्याला. सातबारा सरकारी पड. नकाशावर काहीच नाही. मासे सुकवण्यासाठी ही जागा वापरात असल्याची कुठे नोंद आहे का, असं साहेबांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. नोंद खरंच नव्हती.

आम्ही माहितीच्या अधिकारात आधीच्या समितीची इतिवृत्तं मागवली. त्यांत घरदुरुस्तीचे प्रश्न होते, हॉटेलांच्या तक्रारी होत्या, जेट्टीचा गाळ होता. घरांचा प्रश्न खोटा नाही. सीआरझेड 3 मधल्या, म्हणजे ग्रामीण किनाऱ्यावरच्या, दाट वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून 50 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि विरळ वस्तीच्या गावात 200 मीटरपर्यंत, त्यामुळे रेषा इकडची तिकडे झाली तर अख्ख्या वाडीचं भवितव्य बदलतं. तिघा प्रतिनिधींनी तो प्रश्न नेटाने मांडला होता. पण सुकवणीच्या जागा, खाडीतला चिखल, नदीच्या मुखाजवळची दालदी वस्ती यांचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. कोणी मुद्दाम दडपलं असं मला वाटत नाही. जे बसले होते त्यांच्या रोजच्या कामात या जागा येतच नव्हत्या.

म्हणजे वाहनतळ हा एक प्रश्न, आणि नवी समिती कोणाची होणार हा दुसरा. पहिल्यासाठी वेळ थोडा होता. दुसऱ्यासाठी संधी थोडी होती, कारण अशासकीय सदस्यांची नावं एकदा मंत्रालयात गेली की पुढची काही वर्षं तो विषय बंद.

समोरचे पर्याय

पहिला सल्ला मिळाला तो सगळ्यांना माहीत असलेला: पालकमंत्र्यांना भेटा, एक नाव घालून घ्या. काम लवकर झालं असतं. पण अशी गेलेली बाई बैठकीत कोणाकडे बघून बोलेल, हा प्रश्न बायकांनीच विचारला.

दुसरा पर्याय लवादाचा. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला आहे. वकिलांनी कागद बघून स्पष्ट सांगितलं की वाहनतळावर दाद मागता येईल, समितीच्या रचनेवर नाही. तीन प्रतिनिधी हवेत, तीन होते. आणि या तरतुदीत बाईचा उल्लेख नाही. आपल्याकडे पंचायतींमध्ये 2011 पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतही किमान एक तृतीयांश महिला आणि 18 टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य घ्यावे लागतात. जिल्ह्याच्या या किनारा समितीला असं काही बंधन नाही.

तिसरा पर्याय समाजवार जागा मागण्याचा. यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. प्रत्येक समाजाला एक जागा हे ऐकायला न्यायाचं वाटतं आणि जातीच्या संघटनांनी लगेच उचलूनही धरलं. पण यादी करायला बसलो तेव्हा चित्र दिसलं. गाबीत समाजाचं नाव एका बोटमालकाचं, खारव्यांचं नाव बोटमालकाचं, दालद्यांचं नाव बर्फ कारखानदाराचं. समाज पाच आणि धंदा एकच. खाडीतली बाई त्या यादीतही कुठे नव्हती.

म्हणून कामानुसार जागा मागायच्या ठरल्या: बोटीची मासेमारी, रापण, नदीमुखावरची आणि खाडीतली छोटी जाळी, विक्री आणि सुकवण, खाडीतली वेचणी. एकूण 5. प्रत्येक कामातून माणूस निवडताना समाज आणि तालुका बदलता राहील हे बघायचं. अधिसूचनेत तीन ही खालची मर्यादा आहे, वरची नाही, त्यामुळे 5 मागायला नियमाची आडकाठी नव्हती. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात योग्य निर्णय होता आणि तो टिकवणं सगळ्यात अवघड गेलं.

एक पर्याय हाताशी ठेवला: जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात विशेष निमंत्रित बोलावू शकतात. त्याला मंत्रालयाची मोहर लागत नाही.

पहिला निर्णय: चेअरमनविरुद्ध की चेअरमनसह

रापण संघाचं म्हणणं होतं की जुन्या तिघांविरुद्ध उघड मोहीम काढावी. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पर्ससीनच्या जाळ्यांवर राज्याने 2016 साली निर्बंध आणले, पण समुद्रात ते किती पाळले जातात यावरून किनाऱ्यावर अजून डोकी फुटतात.

बायकांनी वेगळं ठरवलं. त्यांतल्या चौघीजणी आधी चेअरमनच्या घरी गेल्या. त्यांतली एक त्यांच्या नात्यातली. ओटीवर बसल्या बसल्या तिने सांगितलं, "भाऊ, आमी तुमका उठवूक नाय इलंव, आमका बसूक जागा व्हयी." चेअरमन हसले, पण अट घातली. पर्ससीनचा वाद या समितीत आणायचा नाही; त्यासाठी 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली वेगळी यंत्रणा आहे, तिथे भांडा. ही अट मान्य असेल तर सोसायटी 5 जागांच्या मागणीवर सही देईल.

अट मानली. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र मिळालं आणि त्या पत्रामुळे जिल्हा कार्यालयातला सूर बदलला, हे मी स्वतः पाहिलं. किंमत म्हणून रापण संघाचा एक गट तिथेच बाजूला झाला. अट कायद्याच्या दृष्टीने बरोबर होती, कारण जाळ्याचा आकार सीआरझेडमध्ये येत नाही. पण ती मान्य करण्याआधी रापणकारांना विचारलं नव्हतं. निदान त्यांच्या पुढाऱ्याला त्या ओटीवर बरोबर न्यायला हवं होतं. तो गट पुढे कधी मनापासून आला नाही.

दुसरा निर्णय: बाईचं नाव कोण देणार

सोपा रस्ता बचत गटांचा होता. गट आहेत, रजिस्टर आहे, अध्यक्ष आहेत. पण बंदरातल्या गटांच्या अध्यक्ष बऱ्याचदा बोटमालकांच्या घरच्या, आणि खाडीकाठच्या वाडीतल्या बायका त्या गटांत नव्हत्याच. बचत भरायची तर हातात नियमित पैसा लागतो. तिसऱ्या विकून येणारा पैसा तसा नसतो.

बैठका कधी घ्यायच्या यावरही बरंच अडलं. सुरुवातीला अमावास्येच्या आसपासचा रविवार धरला आणि खाडीतली एकही बाई आली नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी लांबपर्यंत ओसरतं, चिखल उघडा पडतो. तेच त्यांच्या कमाईचे दिवस. मग अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, बैठक ठेवली. त्या दिवसांत पाणी फारसं हटत नाही आणि हात मोकळे असतात. विक्रेत्या बायकांसाठी लिलाव आटोपून बाजार उठल्यावरची दुपार धरली. सरकारी बैठक सकाळी 11 वाजता जिल्ह्याच्या गावी असते आणि ती वेळ कोणाच्या सोयीची आहे याचा विचार कधी झालेला नसतो.

नावं ठरली ती महिला सभेत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी अशी तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती सह्यांच्या वहीतच होते. या वेळी दोन गावांत ती खरोखर भरली. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव ठेवला. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी आकडा लागतो. एका गावात तो झाला नाही आणि तहकूब सभेत ठराव करून घ्यावा लागला. पुरुष मुंबईला, उरलेले बोटीवर. गणपतीत चाकरमानी आले तेव्हा काहींनी विचारलं की आमच्याशिवाय ठराव झालाच कसा. त्याचं उत्तर देण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

कागदांची अडचण

जिल्हा कार्यालयाने प्रत्येक नावामागे पुरावा मागितला: पारंपरिक मच्छीमार असल्याचा. सोसायटीचं सभासदत्व आणि जातीचा दाखला ही नेहमीची जोडी. नावं ठरलेल्या दोन्ही बायका, विक्रेती आणि खाडीतली, सोसायटीच्या सभासद नव्हत्या. सरकारी कागदात मच्छीमार म्हणजे होडी आणि जाळं, हे सगळीकडेच आढळतं. आपत्तीनंतरच्या मदतीचे निकषही बोटी आणि जाळी यांच्याच नुकसानीचे आहेत. वादळात भिजून गेलेल्या सुक्या माशाला त्यात रकाना नाही.

शेवटी विक्रेतीसाठी ग्रामपंचायतीच्या बाजारकराच्या जुन्या पावत्या जोडल्या. एका पत्र्याच्या डब्यात तिने त्या जपून ठेवल्या होत्या. खाडीतल्या बाईसाठी पावती कसली असणार? तिच्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि पोलीस पाटलांचा दाखला. कार्यालयाने कुरकुर करत दोन्ही घेतलं. जिल्हाधिकाऱ्यांनी पाचही नावांची शिफारस केली आणि फाइल वर गेली.

काय झालं

शासन निर्णय आला तेव्हा त्यात 4 नावं होती. सोसायटीचे चेअरमन, विक्री-सुकवण करणाऱ्या बाई, दालदी वस्तीतला छोट्या जाळ्याचा मच्छीमार, आणि एक असं नाव जे जिल्ह्यातून कोणीच पाठवलं नव्हतं. हा चौथा माणूस आमच्या पाहण्यात कधी समुद्रावर गेलेला नव्हता. रापणकार आणि खाडीतल्या बाई गाळल्या गेल्या. फाइलवरच्या टिपणी मागवल्या, तर त्यांत नाव घातल्याचं कारण नव्हतं आणि गाळल्याचंही नव्हतं.

जिल्हाधिकाऱ्यांनी दोघांनाही विशेष निमंत्रित केलं. हाताशी ठेवलेला पर्याय कामी आला.

वाहनतळाचा निकाल अर्धा आमच्या बाजूने लागला. पहिल्याच बैठकीत विक्रेत्या बाईंनी विषय काढला. चेअरमननी पाठिंबा दिला, तोही ठासून. पाहणी झाली, ऐन सुकवणीच्या हंगामात झाली, हे महत्त्वाचं. पावसात झाली असती तर अधिकाऱ्यांना पुळणच दिसली असती. वाहनतळ रस्त्याच्या पलीकडे सरकवला. पेव्हर ब्लॉकची एक पट्टी मात्र सुकवणीच्या जागेतून गेलीच, कारण ते काम आधीच झालं होतं. जिल्ह्यातल्या सुकवणीच्या जागांची यादी करून प्राधिकरणाकडे पाठवावी, असा निर्णय इतिवृत्तात आला. यादी गेली आहे. नकाशावर अजून चढलेली नाही.

दालदी वस्तीच्या प्रतिनिधीने नदीमुखावरच्या धूपेचा प्रश्न मांडला आणि तो पहिल्यांदा कागदावर आला. वस्ती तिथे कित्येक पिढ्यांची आहे.

खाडीतल्या बाईंचं तसं झालं नाही. नेमलेल्या अशासकीय सदस्यांना प्रवासभत्ता मिळतो, निमंत्रितांना मिळाला नाही. एका बैठकीसाठी पहाटेची एसटी, तिथून दुसरी, परत यायला रात्र, आणि त्या दिवसाची कमाई बुडाली. दोनदा आल्या, मग थांबल्या. त्यांच्या गैरहजेरीतल्या बैठकीत खाडीतल्या वाळूचा विषय निघाला. हातपाटीने वाळू काढणारे आणि यंत्राने उपसणारे यांत फरक काय, तिसऱ्यांचा थर कुठल्या बाजूला आहे, हे सांगू शकणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. विषय महसूल खात्याच्या अहवालावर मिटवला गेला. माझ्या हिशेबी या सगळ्या खटपटीतलं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

काय वेगळं करता आलं असतं

नावं पाठवण्याच्या आधी, निदान त्याबरोबर, निमंत्रितांच्या भत्त्याचा लेखी आदेश मागायला हवा होता. रक्कम किरकोळ आहे. आदेश नसेल तर ती कोणत्या शीर्षाखाली द्यायची हे कारकुनाला ठरवता येत नाही. पर्यायी प्रतिनिधीची मागणी केली होती, ती नियमात बसत नाही म्हणून फेटाळली गेली. पण एकाऐवजी दोन बायकांना आळीपाळीने निमंत्रण द्यायला कोणाची हरकत नसती. ते तेव्हा सुचलं नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीचं पत्र फाइलमध्येच राहू दिलं, ही दुसरी गोष्ट. ते ग्रामपंचायतींच्या फलकावर लागलं असतं, स्थानिक वर्तमानपत्रात आलं असतं, तर वर नाव बदलणाऱ्याला निदान दोनदा विचार करावा लागला असता. आमच्यातल्या काहींचं मत उलटं आहे: गाजावाजा झाला असता तर पाचही नावं अडली असती. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

विषयपत्रिकेबद्दल थोडी सुधारणा झाली. बैठकीच्या आदल्या दिवशी येणारी विषयपत्रिका आता आठवडाभर आधी येते आणि सर्व्हे नंबरापुढे वाडीचं नाव लिहिलेलं असतं. विक्रेत्या बाईंनी ही एकच गोष्ट तीन बैठकांत लावून धरली. सर्व्हे नंबरावरून जागा ओळखणारे किनाऱ्यावर फार थोडे. वाडीचं नाव घेतलं की पोरही बोट दाखवतं.

बोटींवरच्या खलाशांचं काय, हा प्रश्न आमच्या 5 जागांच्या यादीतही नव्हता. आज कोकणातल्या मोठ्या बोटींवर नेपाळी आणि परप्रांतीय खलाशी मोठ्या संख्येने आहेत. वर्षाचे आठ-नऊ महिने ते याच किनाऱ्यावर, बोटीत किंवा बंदरातल्या खोपटांत राहतात. पारंपरिक किनारी समाज या व्याख्येत ते येत नाहीत हे खरं, पण बंदरातल्या पाण्याचा आणि शौचालयाचा प्रश्न कोणाचा आहे, असं एकदा त्या दालदी प्रतिनिधीने बैठकीत विचारलं. चेअरमन गप्प बसले.

सध्या समितीची मुदत संपायला थोडा काळ आहे. पुढच्या यादीची तयारी या वेळी आधीच सुरू झाली आहे आणि मतभेदही. खाडीची जागा काहीही झालं तरी नेमणुकीचीच हवी, निमंत्रणाची नको, यावर एकमत आहे. रापण संघाला परत कसं आणायचं यावर नाही. विक्रेत्या बाईंचं म्हणणं, पर्ससीनची ती अट आता सोडून द्यावी. चेअरमनना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. भत्त्याचा अर्ज जिल्हा कार्यालयात लेखा शाखेकडे आहे.